चेंडू दारातच येतो

४ जून

तीर्थरूप मोठ्या काकांना पदवीधर पुतणीचा नमस्कार.

'पदवीधर' लिहिताना हात अजून अडखळतो; पण तुम्ही मला आता त्याच नावाने हाक मारायची ठरवली आहे, तर तेच चालवते. आपल्या घरात हा शब्द तुम्हीच आणलात. मुलगी शिकून काय करणार, असं बाबा म्हणाले तेव्हा तुम्ही भांड्यांच्या दुकानातून रजा काढून इथे आलात आणि फाटकातूनच म्हणालात, "काय करणार ते शिकल्यावर तीच सांगेल. तू कशाला आधी सांगतोस?" कॉलेजात भांडताना मी हे वाक्य फार वापरलं.

नोकरी मिळेपर्यंत आईला पाळणाघरात मदत करते आहे. पुढच्या खोलीत हल्ली सात मुलं असतात. त्यांत बँकेतल्या बाईंची जुळी आहेत. आई म्हणते, ही जुळी म्हणजे आपली पाटी. बँकेतली बाई ठेवते म्हटल्यावर बाकीचे डोळे मिटून ठेवतात. बाबांची गिरणीतली नोकरी संपल्यापासून घर या सात जणांच्या जिवावर चालतं, आणि त्यांना ते माहीत असावं असं त्यांच्या वागण्यावरून वाटतं.

आता अंगणाविषयी. गाव सोडण्याआधी तुम्ही घालून दिलेली फरशी अजून कुठेही तडकलेली नाही. पुढच्या खोलीत बसलेल्या माणसाला मधलं निळं फूल पाकळी न् पाकळी दिसतं. फाटकापासून दारापर्यंतचा उतार विचारपूर्वक दिलेला वाटतो. मुलांचा चेंडू कधी रस्त्यावर जात नाही, आपोआप दारात येतो. चेंडूसारखा पाऊसही दारात येतो. फरक एवढाच की चेंडू उचलता येतो. परवाचं पाणी आज सकाळपर्यंत दाराशी होतं. यावर तुमचा सल्ला हवा आहे.

बाबा शेजारीच बसलेत. आधी लिहिलेलं पान "दादाला लागेल" म्हणून त्यांनी घडी करून खिशात घातलं. त्यामुळे हे दुसरं पान.

काकूंना नमस्कार.

तुमची पदवीधर


११ जून

चि. पदवीधर हिला पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या काकूला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, एकदा पुरे होतं. तिला लिखाणातलं कळत नाही.

'विचारपूर्वक' हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. इतक्या वर्षांत त्या फरशीवरून शेकडो माणसं गेली, पण तिच्यामागे विचार आहे हे ओळखायला पदवी लागली. म्हणून सांगतो. दुकानात ताट आडवं ठेवलं की गिऱ्हाइकाला नुसता काठ दिसतो. मागून टेकू देऊन तिरकं उभं केलं की नक्षी आपणहून बोलते. अंगणाचंही तसंच. मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो आणि गवंडी फाटकाशी भराव टाकत होता. "अजून वर घे, अजून वर घे," असं म्हणत अख्खं फूल दिसेपर्यंत त्याला थांबू दिलं नाही. तो काहीतरी पुटपुटत होता. कामगार पुटपुटतातच.

पाण्याचं म्हणशील तर पाणी हे पाहुण्यासारखं असतं. येतं आणि जातं. तोवर दारापर्यंत विटांची एक ओळ मांडा, आणि उंबरा चार बोटं उंच करून घ्या. पाणी आत येणार नाही.

एक आनंदाची बातमी. इथल्या वाचनालयाचा मी मानद चिटणीस आहे हे तुला ठाऊक आहे. आम्हीही अंगणात फरशी घालतो आहोत. तुझं पत्र अगदी वेळेवर आलं.

धाकटा काय खिशात घालत होता? त्याला सांग, माझं मन इतकं हळवं नाही.

तुझा मॅट्रिकला दोनदा नापास काका


१९ जून

तीर्थरूप काका,

तुमच्या सल्ल्याप्रमाणे विटा मांडल्या आणि उंबरा वाढवला. दोन्हीचा परिणाम कळवते.

विटांवरून उड्या मारणं हा मुलांचा आता मुख्य खेळ आहे. पूर्वी त्यांना पाण्यात जायला बहाणा लागायचा, आता रस्ताच आहे. जुळ्यांपैकी एकाने स्वतःचा बूट सोडून दुसऱ्याची वाट पाहिली, मग त्याचाही सोडला. आई रोज सकाळी फाटकापासून एकेकाला कडेवर घेऊन येते आणि संध्याकाळी पोचवते. बाबा खराट्याने पाणी फाटकाकडे लोटतात. पाणी चढावर थोडं जातं, जरा विचार करतं आणि परत येतं. खरं म्हणजे बाबा आणि पाणी दोघंही दमत नाहीत, बघणारे दमतात.

उंबऱ्यामुळे पाणी आत येत नाही हे खरं. ते बाहेर जास्त उंच थांबतं. तुमचं फूल आता पाण्याखालून दिसतं. भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल आली आहे, आणि उंबऱ्याला रोज कोणीतरी अडखळतं. काल बाबा पडले. विचारलं तर म्हणाले, "बसलो होतो."

बँकेतल्या बाईंनी फाटकातून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "पाळणाघर छान आहे हो. पण पोहायला मी यांना पुढच्या वर्षी घालणार होते." महिनाअखेरपर्यंत अंगण कोरडं झालं नाही तर त्या मुलांना काढून घेणार आहेत. त्या गेल्या तर मागोमाग कोण कोण जाईल, हे आईने बोटांवर मोजलं आणि हात पदराखाली घेतला.

म्हणून विचारते, उताराला आता थोडी विश्रांती द्यावी का? म्हणजे फरशी काढून, तीच पुन्हा, जरा वेगळ्या विचाराने बसवावी का? तुमच्या परवानगीशिवाय बाबा एक तुकडाही हलवू देणार नाहीत. उत्तर लवकर पाठवा.

तुमची पदवीधर


२५ जून

चि. पदवीधर,

फूल पाण्याखालून दिसतं हे वाचून अंगावर काटा आला. काचेखाली ठेवल्यासारखं दिसत असणार. आमच्या दुकानात असं काही करता आलं असतं तर मालकाने मला डोक्यावर घेतलं असतं.

विश्रांती कशाला? उतार दमत नाही. तू दमली आहेस. परीक्षेचा थकवा उशिरा बाहेर पडतो. त्या बँकेतल्या बाईंना एकदा आत बोलाव, खुर्चीवर बसव आणि फूल दाखव. माणूस आधी बघतो, मग पटतं. हा धंद्याचा नियम आहे. फरशी मात्र कोणी हलवायची नाही. ती माझी या घराला निरोपाची भेट आहे.

आता मुख्य बातमी. मंडळाच्या बैठकीत मी तुझं पहिलं पत्र मोठ्याने वाचलं. 'फाटकापासून दारापर्यंतचा उतार विचारपूर्वक दिलेला वाटतो' या वाक्याला अध्यक्षांनी मान डोलावली. पावसाचं वाक्य आलं तेव्हा चहा आला होता, त्यामुळे ते जरा घाईत गेलं. अध्यक्षांनी विचारलं, "पुतणी कशात पदवीधर?" मी म्हटलं, राज्यशास्त्रात. ते म्हणाले, "मग फरशीचं तिला काय कळणार?" मी म्हटलं, "त्या शास्त्रावर राज्य चालतं, फरशी चालणार नाही?" ठराव एकमताने मंजूर. 'पदवीधर व्यक्तीच्या लेखी मतानुसार अंगणाचा उतार आतल्या बाजूस ठेवावा.' चेंडू दारात येतो तसे वाचकही आपोआप आत येतील, असं मी म्हटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गवंडी महिना उलटला की येतो आहे. बालविभाग दाराशीच हलवला आहे, अगदी खालच्या फळीवर, म्हणजे मुलांना पुस्तकं हाताशी येतील. सगळं नवीन आहे; वर्गणीतून घेतलं.

ठरावाला जोडायला तुझ्या हातची दोन ओळींची शिफारस पाठव. सहीखाली पदवी लिहायला विसरू नकोस.

तुझा काका


२९ जून

काका,

शिफारस पाठवत नाही. उतार चुकीचा आहे.

हे वाक्य मी चार जूनलाच लिहिलं होतं. ते बाबांच्या खिशात गेलं. मग मी 'विचारपूर्वक' लिहिलं, आणि तो शब्द लिहिताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं, की काय सुंदर मार्ग काढला. बाबा खूश, काका खूश. पाणी खूश नव्हतं, पण त्याला कोण विचारतं. पुढच्या पत्रात 'विश्रांती' लिहिलं. माझी सगळी पदवी मी साधी गोष्ट न सांगण्यात खर्च केली.

आता साध्या शब्दांत. पाणी उताराकडे जातं. आपल्या अंगणाचा उतार घराकडे आहे, म्हणून पाणी घराकडे येतं. ते पाहुणं नाही, त्याला तुम्ही बोलावलंत. विटा, उंबरा, खराटा यांनी काही होणार नाही. फाटकाशी टाकलेला भराव काढून फरशी रस्त्याकडे उतरती बसवायला हवी. ओल्या भिंतीची खपली पडताना दिसते, आणि आम्ही सगळे तिच्यासमोर बसून फुलाची तारीफ करतो.

बँकेतल्या बाई काल जुळ्यांना घेऊन गेल्या. आज आणखी दोन मुलं आली नाहीत. आई रिकाम्या चटया उन्हात टाकते आहे. म्हणते, बरं झालं, धुवायच्याच होत्या.

हे मी कदाचित आणखी महिनाभर सहन केलं असतं, कारण पाणी आमच्याच दारात होतं. पण तुम्ही दाराशी, खालच्या फळीवर, मुलांची नवी पुस्तकं मांडली आहेत, आणि ज्या वाक्याच्या आधारावर ती भिजणार आहेत ते वाक्य माझं आहे. मला ते परत हवं आहे. बैठकीत सांगा की पुतणी खोटं बोलली.

माझ्या शिक्षणासाठी या घरात एकटे तुम्ही मोठ्याने बोललात. तुमच्याशीच दबक्या आवाजात बोलायचं, ही मला आतापर्यंत कृतज्ञता वाटत होती.

बाबांना हे पत्र टाकल्यावर सांगेन.

पुतणी


२ जुलै

तीर्थरूप दादास शि. सा. नमस्कार.

मुलीने काहीबाही लिहिलं असं कळलं. ती लहान आहे. मनावर घेऊ नये. फरशी उत्तम आहे. फरशीचा काही दोष नाही, पाणी आमचंच आहे. ते आम्ही बघून घेऊ. वहिनींच्या गुडघ्याचं कसं आहे?

तुझा धाकटा


६ जुलै

चि. पोरी,

मी सहसा पत्र लिहीत नाही, कारण तुझे काका ते पाठवण्याआधी दुरुस्त करतात. हे मी शेजारणीकडे बसून लिहिते आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा ते जेवत होते. एका हाताने फोडलं, वाचलं, आणि घास हातातच राहिला. मी विचारलं, काय लिहिलंय? म्हणाले, "अंगणाविषयी." मग उठून दुकानात गेले. त्यांची सुटी होती त्या दिवशी.

तेव्हापासून घरात कपाटावरची बशी तिरकी दिसली तरी जाऊन सरळ करतात. भावजींचं कार्डही आलं. ते वाचून मात्र चिडले. म्हणाले, "हा माझा भाऊ की माझा नोकर? मुलगी खरं लिहिते आणि हा पाण्याची माफी मागतो."

तुला एक सांगते, तुझ्याजवळच ठेव. फरशी घातली त्या वर्षी मी तुमच्याकडे आले होते. दारात पाय ठेवला आणि घोट्यापर्यंत पाणी. तुझ्या आईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "फूल किती छान दिसतं." त्या दिवसापासून आमचं दोघींचं फार पटतं. पण बघ, दोन घरांत मिळून सहा-सात मोठी माणसं, सगळ्यांना माहीत, आणि तो गवंडी सोडला तर कोणी ब्र काढला नाही. आम्ही याला मान देणं म्हणत होतो. तुझ्या पत्रानंतर मला वाटायला लागलं की आम्ही त्यांना एकटं पाडलं होतं.

काळजी करू नको. काल रात्री त्यांनी तुझं पत्र पुन्हा मागितलं. म्हणाले, बैठकीला न्यायचं आहे.

काकू


१४ जुलै

चि. पदवीधर हिला आशीर्वाद.

उशीर झाला. कारण आधी बैठक उरकायची होती.

तुझं शेवटचं पत्र मी मंडळापुढे अथपासून इतिपर्यंत वाचलं, 'पुतणी खोटं बोलली' यासकट. या वेळी चहा आधीच घेतला होता. वाचून झाल्यावर मी पत्राची घडी घातली. मग अध्यक्ष म्हणाले, पदवीधर व्यक्तीच्या मतावर मंजूर झालेला ठराव त्याच पदवीधर व्यक्तीच्या मतावर रद्द करता येत नाही. दुसरी पदवीधर व्यक्ती लागेल. खजिनदार म्हणाले, त्यांचा जावई पदवीधर आहे, पण तो परगावी असतो. यावर चर्चा सुरू झाली. जावयाला पत्र लिहायचं की बोलावून घ्यायचं, आणि बोलावलं तर त्याचा प्रवासखर्च कोणत्या खात्यात टाकायचा.

गवंड्याने तोवर भराव टाकून अर्ध्या अंगणाला उतार दिला होता. मी उठलो, नळावरून बादली भरली आणि फाटकाशी जाऊन ओतली. पाणी कुठेही न थांबता, कोणालाही न विचारता, सरळ दाराशी बसलेल्या अध्यक्षांच्या खुर्चीखाली आलं. त्यांनी पाय वर घेतले. पाय वर घेतलेल्या अवस्थेतच म्हणाले, "ठराव रद्द." खालच्या फळीवरची पुस्तकं कोरडी आहेत. मी स्वतः हात लावून पाहिली.

आता आपल्या घरचं. तुझं पत्र वाचून मला राग आला, हे लपवत नाही. दोन दिवस दुकानात ताटं मांडत होतो आणि मनात तुला उत्तरं देत होतो, एकाहून एक सरस. मग एक बाई आल्या, मी मांडलेलं ताट उचललं, आडवं धरलं, तळव्यावर ठेवून पाहिलं. मी म्हटलं, असं कशाला बघता, नक्षी समोरून दिसते. त्या म्हणाल्या, "मला यात वाढायचंय."

पोरी, दुकानातल्या ताटात कोणी जेवत नाही. त्यामुळे ताट तिरकं ठेवलं की त्यातलं सांडतं, हे मला तीस वर्षांत कळायचं कारणच पडलं नाही.

फरशी फोडायला मी येतो. माझ्याखेरीज कोणी पहिला घाव घालायचा नाही, हा हट्ट मात्र चालवून घे. फुलाचे तुकडे जपून काढून दारासमोरच्या भिंतीवर लावू. मांडायची वस्तू भिंतीवर; अंगण वाढायचं ताट.

आणि धाकट्याला सांग, खिशातलं पहिलं पान मला हवं आहे.

तुझा तिसऱ्यांदा नापास काका


९ ऑगस्ट

तीर्थरूप काका,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. हाताचे फोड बसले का? पहिला घाव तुम्ही घालायचा हे ठरलं होतं. सगळे घाव तुम्ही घालाल हे ठरलं नव्हतं. आई अजून सांगते, तुम्ही बाबांच्या हातात पहार दिलीत आणि म्हणालात, "धाकट्या, आता तरी मार," आणि बाबांनी आधी फरशीला नमस्कार केला.

तुम्ही गेल्यावर तीनदा चांगला पाऊस झाला. पाणी फाटकाकडे जातं. बाबा दारात उभे राहून त्याला जाताना बघतात. पहिल्या दिवशी सवयीने खराटा घेऊन गेले होते. करायला काही उरलं नाही, तर खराटाच धुऊन ठेवला. भिंत वाळते आहे. फुलाच्या दोन पाकळ्या उलट्या लागल्या आहेत. तुम्ही इथे असताना कोणी बोललं नाही, म्हणून कळवते. यापुढे असंच कळवत जाईन.

जुळी परत आली. बँकेतल्या बाई कोरड्या पायांनी दारापर्यंत आल्या, भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "हे फूल नवीन का?" बाकीची दोन मुलं सोमवारपासून येणार आहेत. आईने बोटं पुन्हा मोजली, या वेळी हात बाहेर ठेवून. तोटा एकच आहे. चेंडू आता दारात येत नाही, फाटकाखालून थेट रस्त्यावर जातो. मी फळी ठोकली आहे. तिच्याखालून पाणी जाईल, चेंडू जाणार नाही.

कालची गोष्ट मात्र तुम्हाला सांगितलीच पाहिजे. समोरच्या घरातले निवृत्त हेडमास्तर फाटकाशी आले. बाबांनी खुर्ची दिली, त्यांनी घेतली नाही. हसतमुखाने म्हणाले, "फरशी फारच विचारपूर्वक घातलीत हो. पूर्वी आमच्या पायऱ्या आठवड्यातून एकदा धुवाव्या लागायच्या. आता आपोआप धुतल्या जातात. दिवसातून दोनदा."

बाबा आनंदाने म्हणाले, "वा, मग चांगलंच झालं."

हेडमास्तर म्हणाले, "चांगलंच झालं," आणि पँट गुडघ्यापर्यंत वर धरून आपल्या घरी गेले.

बाबा मला म्हणाले, "बघ, लोकांना किती आवडली." ही भाषा मला चांगली येते. मी तीत दोन पत्रं लिहिली आहेत. मी आत गेले, कुदळ घेतली, आणि फाटकापासून गल्लीच्या गटारापर्यंत चर खणायला सुरुवात केली.

पदवीधर